सुटलेलं रबर: मासेमारीसाठी घेतलेला हातातला जीपीएस, दहा महिन्यांनंतर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रबर सुटलं. यंत्र चालू होतं, उपग्रह धरत होतं, जागाही बरोबर दाखवत होतं. फक्त कडेभोवतीची काळी रबरी पट्टी खालच्या कोपऱ्यातून उठली आणि चार दिवसांत बांगडीसारखी निघून हातात आली. पट्टी नुसती शोभेची असती तर लिहायला बसायचं कारण नव्हतं. पण या साच्यात बाजूच्या बटणांच्या टोप्या त्याच रबरात ओतलेल्या असतात. पट्टी दोन मिलिमीटर सरकली की टोपी आतल्या खटक्यावर बसत नाही आणि बटण दाबून दाबून अंगठा दुखतो. साडेबारा हजारांची वस्तू, आणि दुखणं चपलेच्या अंगठ्याचं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. टचस्क्रीन नसलेल्या, दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या, दीडशे ग्रॅमच्या आसपासच्या कोणत्याही जीपीएसला पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. वापर असा: वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये डोंग्यातून जाळी टाकणं-उचलणं, उन्हाळ्यात मालगुजारी तलाव आणि बोड्या (छोटे तलाव), मोहफुलं-तेंदूच्या हंगामात थोडं जंगल.

रबर का सुटलं ते आधी. माहितीपत्रकात साठ-सत्तर अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. ते आतल्या सर्किटबद्दल खरं आहे, पट्टीखालच्या गोंदाबद्दल नाही. इकडे मे महिन्यात सावलीतच ४५-४६ अंश असतात. फटफटीच्या डिकीत किंवा जीपच्या काचेमागे ठेवलेल्या काळ्या वस्तूचं काय होत असेल ते सांगायला नको. गोंद लोण्यासारखा होतो. दुसरं कारण मच्छरांचं मलम. त्यातलं डीट हे रसायन रबर आणि प्लॅस्टिक मऊ करतं, रबर फुगून ढिलं पडतं. मलम हाताला लावून तोच हात जीपीएसला लावला की महिन्याभरात पट्टी चिकट लागू लागते. स्क्रीनवर लागलं तर डाग कायमचा. मलम मानेला-पायाला लावा, तळवे राखेने नाहीतर साबणाने धुवा, मगच यंत्र धरा.

नागपूरच्या दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: रबर म्हणजे झीज, वॉरंटीत येत नाही. यंत्र सर्व्हिस सेंटरला पाठवा, जाण्या-येण्याचं कुरिअर तुमच्याकडे, तीन आठवडे लागतील, अंदाजे खर्च २,८०० रुपये. वस्तू पाण्यात पडून बंद झाली असती तर फुकट बदलून दिली असती म्हणे. म्हणजे आधी बुडवून आणायची का, हे विचारल्यावर फोन ठेवला.

घरी चिकटवायला खर्च आला ५५ रुपये. पट्टी अर्धी सुटली असली तरी पूर्ण काढा, अर्ध्यावर चिकटवली तर बटणं वाकडी बसतात. जुना गोंद बोटाने गोळी करत काढा, उरलेला सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने. पेट्रोल आणि थिनर अजिबात नको, स्क्रीनचं प्लॅस्टिक तडकतं. पट्टी भांड्याच्या साबणाने धुऊन रात्रभर सावलीत वाळवा. मग चपला-बूट चिकटवायचा रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेल पण तार सुटणार नाही इतका सुकू द्या. सुरुवात बटणांच्या बाजूने करायची. आधी टोप्या खटक्यांवर बसवून प्रत्येक बटण दाबून बघायचं, मग पट्टी फिरवत न्यायची. बटणांभोवती तीन-चार मिलिमीटर जागा कोरडी सोडा. उंची मोजणारं मॉडेल असेल तर हवेच्या दाबाचं बारीक भोक असतं, ते बुजवू नका. शेवटी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून एक दिवस तसंच ठेवा. फेव्हिक्विक वापरू नका, ते काचेसारखं कडक होतं आणि पहिल्याच धक्क्याला तुटतं.

दुसरं दुखणं स्प्रिंगचं. खडीच्या रस्त्यावर फटफटीला लावलं किंवा मशीनच्या बोटीत ठेवलं की यंत्र अचानक बंद पडतं. पुष्कळ जण ते बिघडलं समजतात. खरं म्हणजे धक्क्याने सेल क्षणभर उचलला जातो आणि वीज तुटते. रिचार्जेबल सेलची वरची टिकली काही वेळा बुटकी असते, त्यांच्यात हे जास्त होतं. सायकल ट्यूबचा एक मिलिमीटर जाडीचा तुकडा झाकणाच्या आतून, दोन्ही सेलवर दाब येईल असा ठेवला की संपलं. पुडीची चमकी (पन्नी) मात्र घुसवू नका. ती सरकली तर शॉर्ट होतं.

सेलचा प्रकार सेटिंगमध्ये सांगावा लागतो. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल १.२ चा. सेटिंग अल्कलाइनवर ठेवून रिचार्जेबल घातले तर भरलेले सेलही अर्धे दिसतात आणि माणूस घाबरून बदलतो. डब्यावर २५ तास लिहिलेले होते. २००० एमएएचच्या चांगल्या रिचार्जेबलवर, रात्री दिवा अधूनमधून लावून, १६ ते १८ तास मिळाले. किराणा दुकानातले स्वस्त सेल एक पहाट काढतात, दुसरी नाही. पावसाळ्यात महिनाभर वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा, अल्कलाइन गळला की संपर्काच्या पत्र्या हिरव्या पडतात.

पण सेल काढून तीन-चार महिने पडलेलं यंत्र पहिल्यांदा लावल्यावर लगेच जागा दाखवत नाही म्हणून शिव्या देऊ नका. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक नव्याने उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, ते त्या संदेशाच्या रचनेतच आहे. आदल्या दिवशी अंगणात पंधरा मिनिटं उघड्यावर ठेवलं की काम झालं. डोंग्यात बसल्यावर लावून नुसतं बघत बसू नये.

अचूकतेसाठी एकच सेटिंग बघा. मेनूत ‘वास/एग्नोस’ नावाचं काहीतरी असतं आणि लोक ते अमेरिका-युरोपचं समजून बंद ठेवतात. आपलं गगनही, म्हणजे जीपीएसची चूक उपग्रहावरून दुरुस्त करणारी भारताची व्यवस्था, त्याच पद्धतीवर चालतं, तेव्हा ते चालू ठेवा. उपग्रहांच्या पानावर ४० किंवा ४१ क्रमांक दिसला तर गगन येतंय. त्यातला जीसॅट-१० हा उपग्रह ८३ अंश पूर्वेला उभा आहे, म्हणजे भंडारा-गोंदियाहून जवळजवळ सरळ दक्षिणेला, आणि बऱ्यापैकी उंच. पाण्यावर दक्षिण मोकळी असते, तिथे तीन मीटरपर्यंतची अचूकता सहज मिळते. ऑगस्टमध्ये ओल्या सागाखाली दहा-पंधरा मीटर धरून चाला. मे महिन्यात साग उघडा झालेला असतो, तेव्हा जंगलातही त्रास नाही. चपट्या अँटेनाचं यंत्र आडवं, तोंड आभाळाकडे करून धरायचं. गळ्यात उभं लटकवलं की निम्मे उपग्रह जातात.

जाळी हरवतात ती मात्र उपग्रहामुळे नाही, आकडे लिहिण्याच्या पद्धतीमुळे. मोबाइलवरून येणारं लोकेशन दशांश अंशांत असतं, जीपीएस दुकानातून येतो तेव्हा बहुधा अंश-मिनिटांत. २०.८७५ अंश म्हणजेच २० अंश ५२.५०० मिनिटं. आता कोणी ५२.५ मिनिटांचं घाईत २०.५२५ केलं तर जाळं सुमारे ३९ किलोमीटर दक्षिणेला जातं. त्यामुळे गटातल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठेवायची, आणि मोबाइलचीच ठेवलेली बरी. यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगण्याची पद्धत) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलतो: अकोला-अमरावती ४३ मध्ये, वर्धा-नागपूर आणि पूर्वेचं सगळं ४४ मध्ये. आणि डेटम, म्हणजे पृथ्वीचं जे माप धरून आकडे काढतात ते, डब्ल्यूजीएस ८४ च राहू द्या. जुन्या टोपोशीटचे (सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशांचे) एव्हरेस्ट नावाच्या जुन्या डेटमवरचे आकडे तसेच टाकले तर आपल्या भागात शंभर मीटरच्या वर फरक पडतो.

जाळ्याची खूण एक नाही, दोन करायच्या, दोन्ही टोकांच्या फ्लोटवर. पहाटे चारला एक फ्लोट गवतात दबलेला असला तरी दुसरा सापडतो आणि जाळं कोणत्या दिशेने वाऱ्याने ओढलं गेलं तेही कळतं. नावं रोमन अक्षरांत टाकावी लागतात, देवनागरी येत नाही. जाळ्याचा नंबर आणि टोकाचं एक अक्षर पुरे. जुन्या खुणा दर आठवड्याला काढून टाका, नाहीतर स्क्रीनवर नुसते झेंडे दिसतात.

गोसीखुर्दच्या पाण्यात बुडालेली झाडं आणि गावठाणाचे अवशेष आहेत. धरणाच्या ३३ दरवाजांमधून किती सोडलंय त्यावर कोणतं खोड पाण्याखाली किती हे बदलतं. नकाशात यातलं काही नाही, ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट नकाशा घातला तरी नाही. तेव्हा उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडी पडलेली खोडं, विहिरी, जुने बांध यांच्या खुणा करून घ्या आणि प्रत्येकीला २५ मीटरचा इशारा लावा. पावसाळ्यानंतर तिथे पाणी सपाट दिसतं आणि यंत्र टीं-टीं करतं. हे एक काम मात्र पूर्ण पैसे वसूल करून गेलं. जाळी फाटायची कमी झाली, आणि नायलॉनच्या एका जाळ्याचा भाव माहीत असणाऱ्याला पुढचा हिशेब सांगायला नको. पवनीकडच्या काठाने उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. त्याची हद्दही अशीच खुणांनी घालून ठेवा, यंत्र आपणहून सांगत नाही.

आता मत बदलल्याची गोष्ट. जूनपर्यंत सल्ला हाच होता की होकायंत्राचं मॉडेल घेऊ नका, चार हजार वाया. नोव्हेंबर-डिसेंबरच्या धुईने तो सल्ला मोडला. चुंबकीय होकायंत्र नसलेलं जीपीएस दिशा तुमच्या चालण्यावरून काढतं. बांबूने रेटलेला डोंगा ताशी दोन किलोमीटरच्या खाली आला की बाण गरगर फिरतो किंवा मेल्यासारखा पडून राहतो. काठ दिसत नाही, बाण फिरतोय, आणि जाळं साठ मीटरवर. तेव्हा होकायंत्र लागतं हे कबूल. पण ते यंत्रातलंच लागतं असं नाही. दीडशे रुपयांचं साधं होकायंत्र दोरीला बांधा. जीपीएस ‘२४० अंश’ असा आकडा देतं तो बघा, होकायंत्रावर तो आकडा धरा आणि रेटा. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे वजाबाकी करावी लागत नाही. नांगराचं लोखंड आणि मशीन यांच्यापासून हातभर लांब धरा, एवढंच. आतलं होकायंत्र दर वेळी सेल बदलल्यावर गोल फिरवून जुळवावं लागतं, ते पहाटेच्या थंडीत कोण करतो?

कशावर पैसे घालू नयेत हे झटपट. उंची मोजणं: पाणी सपाट आहे. मासे लागण्याची उत्तम वेळ सांगणारं पान: चंद्रावरून काढलेली तिथी आहे, तुमच्या तलावातल्या मरळीला ती कोणी सांगितलेली नाही. खोलीचा आकडा जीपीएस देतच नाही, त्याला वेगळा सोनार (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) लागतो, दुकानदार काही म्हणो. परदेशी जाहिरातींतले शिकारीचे लाड इथे कामाचे नाहीत, १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारं मॉडेल बाहेरून कोणी भेट आणून देत असेल तर हात जोडा, परवानगीशिवाय ते बाळगलं तर पोलिसांपर्यंत जातं. शेत मोजता येईल का, हे दर दुसरा माणूस विचारतो. येतं, पण एकराच्या वावरात चहूबाजूंनी तीन मीटर बाहेर चूक झाली तर जवळजवळ आठ गुंठे वाढतात. धुऱ्याचं भांडण यावर मिटवू नका.

जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ ला शून्यावर येतो, तसा तो एप्रिल २०१९ मध्ये आला. जुन्या सॉफ्टवेअरची यंत्रं तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवतात. जागा बरोबर असते, फक्त सूर्योदयाची वेळ आणि नोंदींच्या तारखा गेलेल्या. एवढ्यासाठी भाव अर्धा पाडून घ्यावा. प्रवासाची नोंद जुन्या यंत्रात १०,००० बिंदूंची असते. दर सेकंदाला बिंदू ठेवला तर पावणेतीन तासांत भरते आणि जुनं पुसत जाते, म्हणून ‘ऑटो’ ठेवा.

मोबाइल पुरत नाही का? काठावर, दिवसा, कोरड्या हाताने पुरतो, आणि नेटवर्कशिवायही जागा दाखवतो. पण ओल्या बोटाने स्क्रीन ऐकत नाही, दुपारी बाराच्या उन्हात दिसत नाही, आणि मे महिन्यात तापून स्वतःच मंद होतो. जीपीएसचा स्क्रीन उन्हात उलट जास्त चांगला दिसतो. मात्र हे यंत्र तरंगत नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचं आयपीएक्स७ प्रमाणपत्र वैनगंगेच्या तळाशी कोणाला दाखवणार? रिकामी, घट्ट झाकणाची अर्ध्या लिटरची बाटली हातभर सुतळीने बांधा.

चिकटवलेली पट्टी सात महिने जागेवर आहे. खालचा डावा कोपरा आता पुन्हा नखाला लागायला लागलाय, तो फेब्रुवारीतच उघडून परत चिकटवावा लागेल. गोंदाची ट्यूब अर्धी शिल्लक आहे.