एन्लार्जरमध्ये 9 वॉटचा एलईडी : 8 महिन्यांनंतर, एका दुरुस्तीसह

जुलैत माझ्या ओपेमस 6 या एन्लार्जरमधला, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून फोटोच्या कागदावर पाडणाऱ्या यंत्रातला, 150 वॉटचा दुधी बल्ब उडाला. फिलिप्सचा फोटोक्रिसेंटा, खास एन्लार्जरसाठी बनवलेला. त्याच्या जागी एलईडी लावून आता 8 महिने झालेत. ऑक्टोबरमध्ये मी ओळखीतल्या चौघांना ठासून सांगितलं होतं की एलईडीच्या नादी लागू नका, प्रिंट नासतात. ते मी मागे घेते. का, हे नीट सांगायला हवं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी बल्बच्या शोधाबद्दल, कारण निम्मे लोक तिथेच अडकतात. लोहार चाळीत दोन शनिवार घालवले, लॅमिंग्टन रोडला एक. आपल्याकडे घरगुती बल्ब पिनांचे, ओपेमसला लागतो आट्यांचा, ई-27. लोहार चाळीतल्या एका दुकानदारांनी मनापासून मदत केली. म्हणाले, "ताई, दुधी आता कोण ठेवतं? पिनांचा साधा घेऊन जा, वर अडॅप्टर लावा." लावून पाहिला. अडॅप्टरमुळे बल्ब दीड-दोन इंच खाली येतो आणि कंडेन्सरच्या, म्हणजे उजेड गोळा करणाऱ्या भिंगांच्या, उरावरच बसतो. होल्डरचा दांडा पार वर ओढूनही ते अंतर भरून निघत नाही. मधे उजेडाचा गोळा, कोपरे काळवंडलेले.

मग ऑनलाइन मागवला. वर्णनात 'ओपल', म्हणजे दुधी, लिहिलं होतं, आला तो धुरकट काचेचा. दोन्ही एकच समजू नका. धुरकट काचेतून आतली तार जिथे आहे तिथे जास्त उजळ दिसते, दुधी काच सगळीकडून सारखी उजळते. शिवाय त्याच्या माथ्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. कंडेन्सरवाल्या एन्लार्जरमध्ये त्या अक्षरांची सावली कागदापर्यंत येऊ शकते, म्हणून तर खास एन्लार्जरच्या बल्बचा माथा कोरा ठेवतात आणि छपाई मानेजवळ करतात. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. परदेशातून अस्सल मागवायचा तर टपालखर्चासकट ₹4,000च्या घरात जात होता, आणि तोही काचेचा, धक्क्याने तार तुटणारा. तेवढ्या पैशांत माझे कितीतरी महिन्यांचे कागद येतात.

शेवटी ₹120ला 9 वॉटचा, आट्यांचा, पांढऱ्या टोपीचा एलईडी आणला. तपासणी सोपी आहे, कुठल्याही बल्बवर करून बघा : निगेटिव्ह न घालता, लेन्सचं छिद्र लहान करत नेऊन, कागद मध्यम राखाडी होईल एवढाच उजेड द्यायचा आणि चारही कोपरे मध्याशी ताडून बघायचे. एलईडीचे कोपरे माझ्या जुन्या बल्बइतकेच भरले. ओपेमसमध्ये बल्ब माथा खाली करून लटकतो आणि एलईडीचा बहुतेक उजेड माथ्याकडूनच येतो, ते इथे पथ्यावर पडलं.

पहिले दोन महिने मी खरंच हरखून गेले होते. माझी डार्करूम म्हणजे गिरगावातलं चार बाय सहाचं न्हाणीघर. तिथे 150 वॉट म्हणजे शेगडीच. निगेटिव्ह तापून मधेच फुगायचं, फोकस जायचा, म्हणून आधी ते दोन मिनिटं तापवून मग फोकस करायची सवय लागली होती. आता निगेटिव्ह हलतसुद्धा नाही. दुसरं म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी चाळीत एसी सुरू झाले की जुन्या बल्बचे प्रिंट फिके यायचे. तारेच्या बल्बला 5 टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड साधारण 16 टक्क्यांनी घटतो. एलईडीत आतला ड्रायव्हर, म्हणजे वीज सांभाळणारं सर्किट, हे सांभाळून घेतो. कागदाला उजेड द्यायची सकाळची आणि रात्रीची वेळ आता सारखी निघते. फक्त 10 सेकंदांचे 22 झाले. माझी त्याला हरकत नाही, डॉजिंगला, म्हणजे चित्राचा एखादा भाग थोडा वेळ सावलीत धरायला, निवांत हात मिळतो.

मग सप्टेंबरअखेरीला घाण सुरू झाली, आणि या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय.

फणसवाडीतल्या एका जिन्याचा प्रिंट करत होते. दाराच्या आत गडद काळोख, बाहेर उन्हाची पायरी. प्रिंट सुकल्यावर पाहिलं तर डावीकडच्या पांढऱ्या बॉर्डरवर पुसट राखाडी पट्टा. आधी सेफलाइटवर, म्हणजे कागद खराब न करणाऱ्या डार्करूमच्या दिव्यावर, संशय घेतला. माझा सेफलाइट म्हणजे लाल झिरोचा बल्ब. तो बदलला. डेव्हलपर नवा केला. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावला. पट्टा कायम. त्यात टेस्ट स्ट्रिपवर (वेळ ठरवायला कागदाच्या पट्टीवर टप्प्याटप्प्याने उजेड देऊन बघतात ती) 22 सेकंदांना जो काळा यायचा, तो अख्ख्या कागदावर 22 सेकंदांना येईना. फायबर कागदाची (प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) जवळजवळ अर्धी पेटी यात गेली आणि मी बल्बला दोष देऊन मोकळी झाले. वर उल्लेखलेले चार फोन तेव्हाचे.

नोव्हेंबरमध्ये एकदा तो खराब प्रिंट भिंग घेऊन पाहिला. बॉर्डरवरचा पट्टा सपाट नव्हता. त्याला आकार होता. दाराची चौकट चित्राच्या कडेवरून पुढे सरकून बॉर्डरवर आली होती, कडीच्या टोकासकट. सेफलाइट किंवा फटीतला उजेड असा चित्र काढत नाही. हा उजेड लेन्समधूनच येत होता, आणि तोही मी इझलची, म्हणजे कागद धरणाऱ्या चौकटीची, बॉर्डर झाकणारी पाती उघडी ठेवून कागद बसवत असताना, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा टाइमर बंद असताना. दमट हवेत वळलेला फायबर कागद पात्यांखाली बसवायला मला सहज मिनिट लागतं.

सेफलाइट विझवला आणि पाच मिनिटं मिट्ट काळोखात बसले. दिव्याच्या डब्याच्या वरच्या फटींतून दर काही सेकंदांनी फिकट लुकलुक दिसत होती. बंद बल्ब मिणमिणत होता. लाल उजेडात ते कधी लक्षातच आलं नसतं.

आमच्या इलेक्ट्रिशियनदादांना बोलावलं. त्यांनी होल्डरला टेस्टर लावला आणि म्हणाले, "ताई, टाइमर बंद आहे ना? मग हा लागतोय कसा?" माझा टाइमर जुना, दोन पिनांच्या प्लगचा, आणि आत तो एकच तार तोडतो. प्लग उलटा बसला की ती तार न्यूट्रल असते, फेज थेट बल्बपर्यंत जाऊन उभा राहतो. तारांतून जो काही झिरपता करंट असतो, तो ड्रायव्हरमध्ये साठतो आणि थोड्या थोड्या वेळाने बल्बला फुंकर घालतो. 150 वॉटच्या तारेला एवढ्याने काही होत नाही, एलईडीला पुरतं. निऑनचा लाल ठिपका असलेल्या स्विचमुळेही हेच होतं. टेस्ट स्ट्रिपचं कोडंही सुटलं : दर तीन सेकंदांनी थांबून पुठ्ठा सरकवताना तिला फुकटचा उजेड मिळत होता.

सप्टेंबरमध्येच का? गणपतीच्या आवराआवरीत मी प्लग काढून पुन्हा लावला होता.

प्लग उलटा केला. मिणमिण गेली. दादांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथेही सांगते : टाइमर बंद आहे म्हणून बल्बला हात लावू नका, आधी प्लग काढा. तारेचा बल्ब असतानाही कधीतरी प्लग उलटा बसून माझा होल्डर असाच जिवंत राहिला असेल, आणि मी तो कैकदा उघड्या हाताने बदललाय.

आता प्लगच्या वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका आहे. लाल नको, सेफलाइटमध्ये लाल दिसत नाही.

एक तक्रार मात्र राहिली आहे, ती बल्बच्या रंगाची. मी पहिल्यांदा घेतला तो 6500 केल्विनचा, कारण दुकानात तोच पुढे करतात. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर असतो. मल्टिग्रेड कागद निळ्या आणि हिरव्या उजेडाच्या प्रमाणावर कॉन्ट्रास्ट ठरवतो, आणि ते प्रमाण बदलायला नंबरांचे रंगीत फिल्टर लावतात : नंबर मोठा, तेवढा कॉन्ट्रास्ट कडक. निळा जास्त झाला की 2 नंबरचा फिल्टर 3 सारखा वागतो. डिसेंबरमध्ये 2700 केल्विनचा वॉर्म व्हाइट आणला, तेव्हा जुन्या प्रिंटच्या जवळ आले. पण हे फिल्टर बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीचं जे गणित आहे, 00 ते 3½ ला एकच वेळ आणि 4 पासून दुप्पट, ते एलईडीवर बसत नाही. प्रत्येक फिल्टरची वेळ स्वतः काढावी लागली. मी ती पोस्टकार्डावर लिहून टाइमरशेजारी चिकटवलीय. 5 नंबर अजून मनासारखा कडक येत नाही.

त्यासाठी चोरबाजारात ₹300ला मिळालेला 100 वॉटचा दुधी बल्ब खोक्यात ठेवलाय. आट्यांचा आहे, माथा कोरा आहे. आतापर्यंत दोनदाच लावला.