चीनमध्ये पैसे घालायचे, तर कुठल्या दाराने?

शांघायचा निर्देशांक ऑक्टोबर 2007 मध्ये 6,124 वर पोचला होता. त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये मोजली तर पाचपट झाली, पण तो आकडा पुन्हा दिसलेला नाही. त्यामुळे "जीडीपी 5 टक्क्यांनी वाढतोय, म्हणजे तिथले शेअर घ्यावेत" एवढाच हिशेब डोक्यात असेल तर घाई करू नका. ज्यांना तरीही थोडे पैसे तिकडे ठेवायचे आहेत, त्यांच्यासाठी भारतातून उघडी असलेली दारं शेजारीशेजारी ठेवून बघू.

आधी घेता काय आहात ते समजून घ्या. ऑगस्ट 2020 मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर 'तीन लाल रेषा' आखल्या आणि उधारीवर फुगलेला बांधकाम धंदा कोसळला. 300 अब्ज डॉलरहून जास्त देणी असलेल्या एव्हरग्रांड या बिल्डर कंपनीने 2021 मध्ये हप्ते चुकवले. जानेवारी 2024 मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला आणि ऑगस्ट 2025 मध्ये शेअर बाजाराच्या यादीतून तिचं नावही गेलं. चिनी कुटुंबांची बचत मुख्यतः घरांत अडकलेली. भाव उतरले तसा लोकांनी हात आखडला. आधीच तिथे घरगुती खर्चाचा जीडीपीतला वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे तो 60 च्या घरात आहे.

मग कारखान्यांत बनतं ते जातं कुठे? बाहेर. 2024 मध्ये चीनची निर्यात आयातीपेक्षा 990 अब्ज डॉलरहून जास्त होती. आतल्या बाजारात मात्र गाड्यांपासून सौरपॅनेलपर्यंत एकमेकांचे भाव पाडण्याची चढाओढ चालू आहे. माल जगभर पोचतो, पण भागधारकाच्या पदरात फारसं उरत नाही. माझ्या मते चिनी बाजार स्वस्त असण्याचं अर्धं कारण हेच आहे.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे बीजिंगची मर्जी. नोव्हेंबर 2020 मध्ये अलीबाबाशी जोडलेल्या अँट ग्रुप या वित्त कंपनीचा आयपीओ दोन दिवस आधी रोखला गेला. जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमवायलाच बंदी आली, आणि ते अख्खं क्षेत्र भुईसपाट झालं. मग 24 सप्टेंबर 2024 ला मध्यवर्ती बँकेने व्याजदर कपातीसह सवलतींची पोतडी उघडली आणि त्या आठवड्यात बाजार 2008 नंतरच्या सर्वात मोठ्या उडीने वर गेला. आकड्यांचंही तसंच. तरुणांची बेरोजगारी जून 2023 मध्ये 21.3 टक्क्यांवर गेल्यावर सरकारने तो आकडा देणंच थांबवलं. काही महिन्यांनी नवी मोजपद्धत आली आणि तो 14.9 झाला!

आता दारं.

निप्पॉनचा हँग सेंग बीज हा हाँगकाँगच्या हँग सेंग निर्देशांकामागे चालणारा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, एनएसईवर साध्या डीमॅटमधून घेता येतो. चीन म्हणून घेताना यात एचएसबीसी बँक आणि एआयए ही विमा कंपनी यांच्यासारखेही येतात. त्यांचा धंदा फक्त चीनवर चालत नाही, त्यामुळे झटके जरा कमी बसतात. हाँगकाँगचा डॉलर 1983 पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, म्हणजे चलनाची जोखीम जवळपास रुपया-डॉलरचीच.

मिरे ॲसेटचा हँग सेंग टेक ईटीएफ हे गरम डोक्याचं भावंड. टेनसेंट, अलीबाबा, शाओमी ही त्यातली मंडळी. त्याचा हँग सेंग टेक निर्देशांक फेब्रुवारी 2021 च्या शिखरावरून ऑक्टोबर 2022 पर्यंत 70 टक्क्यांहून जास्त पडला होता. लाखाचे तीस हजारही राहिले नाहीत. शिवाय अलीबाबाचा शेअर म्हणजे केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीचा शेअर. चीनमधल्या परवान्याच्या धंद्यांशी तिचं नातं मालकीचं कमी, करारांचं जास्त. जानेवारी 2025 मध्ये डीपसीक या चिनी एआय कंपनीने अमेरिकी चिप कंपनी एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास 590 अब्ज डॉलरने खाली आणलं, तेव्हापासून या गटाकडे जगाचं लक्ष आहे हे खरं, पण डीपसीक स्वतः कुठल्याच बाजारात नोंदलेली नाही.

दोन्ही ईटीएफमध्ये खरी गोम खरेदीच्या वेळी असते. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीला 7 अब्ज डॉलरची सामाईक मर्यादा आहे आणि ईटीएफसाठी 1 अब्ज वेगळी. मर्यादा भरत आली की नवी युनिट्स निघत नाहीत, मागणी वाढते, आणि ईटीएफ त्याच्या खऱ्या किमतीच्या वर विकला जातो. म्हणून फंडाच्या संकेतस्थळावरचा आय-एनएव्ही, म्हणजे युनिटची त्या क्षणाची खरी किंमत, आधी बघा. फरक 2-3 टक्क्यांवर असेल तर त्या दिवशी राहू द्या. आणि दुपारी दीडनंतर तर ऑर्डर टाकूच नका: हाँगकाँग आपल्या वेळेने सकाळी सातला उघडतं आणि दीडला मिटतं. त्यानंतर साडेतीनपर्यंत एनएसईवर दिसतो तो भाव बराचसा अंदाजाचा असतो.

एडलवाइजसारख्यांचे 'ग्रेटर चायना' फंड एसआयपीवाल्यांना सोयीचे. एनएव्हीलाच, म्हणजे युनिटच्या खऱ्या किमतीलाच खरेदी होते, वरचा भाव मोजावा लागत नाही. खर्च मात्र दुहेरी, आपल्या फंडाचा आणि मूळ परदेशी फंडाचा. यात तैवानही येतं, आणि सर्वात मोठ्या गुंतवणुकींत बहुधा टीएसएमसी ही तिथली चिप बनवणारी कंपनी असते. चिपसाठी कुणी घेत असेल तर उत्तम; निव्वळ चीन हवा असेल तर फसगत.

चौथं दार बरेच जण न कळत उघडून बसलेत, ते म्हणजे टाटा स्टील, हिंदाल्को, वेदांता. जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद चीन बनवतो आणि तांब्यातही निम्मा वापर त्याचाच. पण इथे गणित उलटंही फिरतं. चीनमध्ये बांधकाम थंडावलं की ते पोलाद आपल्याकडे येतं आणि भाव पाडतं. एप्रिल 2025 मध्ये सपाट पोलादावर 12 टक्के तात्पुरतं संरक्षण शुल्क लावावं लागलं ते त्यासाठीच. त्याच महिन्यात चीनने दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर बंधनं आणली, आणि जुलैत आकुर्डीच्या बजाज ऑटोने इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन थांबण्याची भीती उघड बोलून दाखवली. चीनमध्ये रुपया न घालताही तुमच्या पोर्टफोलिओत चीन आहे, तो असा. म्हणून धातूंचे शेअर 'चीन वधारेल' म्हणून घेणं मला पटत नाही.

माझा कौल: एकूण गुंतवणुकीच्या 5 टक्क्यांच्या आत राहून, सात-आठ वर्षं हात न लावणाऱ्याने हँग सेंग बीज, तोही आय-एनएव्हीच्या जवळ मिळाला तर. दर महिन्याला भाव बघत बसायचा कंटाळा असेल त्याने ग्रेटर चायना फंड, तैवान गृहीत धरून. टेकच्या वाटेला बीजिंगच्या बातम्या रोज वाचणाऱ्यानेच जावं. तीन वर्षांत मुलीच्या प्रवेशाला किंवा फ्लॅटच्या हप्त्याला लागणारे पैसे असतील तर यातलं एकही नाही, मुदत ठेव बरी. करात थोडा फरक आहे: ईटीएफ 12 महिन्यांनंतर आणि फंड 24 महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर 12.5 टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे.