क्रुबेरा की व्हर्योव्किना?

आमच्या साताऱ्यात कातळ म्हणजे बेसॉल्ट. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे इथल्या गुहा बहुतेक माणसाने कोरलेल्या, चार पावलांत संपणाऱ्या. दोन किलोमीटर खोल जायचं तर चुनखडीच हवी. जॉर्जियाच्या अबखाझियातल्या अराबिका डोंगररांगेत अशा दोन गुहा आहेत, क्रुबेरा आणि व्हर्योव्किना. उतरायचं तर यातली कुठली?

क्रुबेराचं दुसरं नाव वोरोन्या, म्हणजे कावळ्यांची. २,००० मीटरचा टप्पा २००४ मध्ये सगळ्यात आधी हिनेच ओलांडला, तो मान तिचाच. पण वाटा अरुंद, आणि तळाशी पाण्याने भरलेलं भुयार. युक्रेनचे गुहा-संशोधक गेन्नादी सामोखिन २०१२ मध्ये त्यात बुडी मारून सुमारे २,१९६ मीटरपर्यंत पोहोचले. म्हणजे दोराबरोबर डायव्हिंगही पक्कं यायला हवं.

व्हर्योव्किना २०१८ मध्ये २,२१२ मीटर मोजली गेली. तिथे एकामागून एक सरळ उभे खड्डे. दोरावर वाढलेल्या माणसाला हीच जवळची वाटेल, मलाही वाटते. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तळाजवळच्या पथकावर पुराचं पाणी आलं आणि जीव मुठीत धरून त्यांना वर पळावं लागलं.

भर आषाढात मी कड्यावर जुमार, म्हणजे दातांनी दोर पकडणारं चढायचं साधन, लावून चढलेय. भिजलेला दोर चिखलाने असा बुळबुळीत होतो की जुमारचे दात घसरतात. दर हाताला थांबून ते पुसायचे. तीस मीटरला माझे खांदे भरून आले होते. तिथे हेच दोन किलोमीटर, अंधारात, पाच-सहा अंशांच्या थंडीत.

तरी निवड करायची तर व्हर्योव्किनाच, आणि वर पावसाचं चिन्ह नसतानाच.