नऊ महिने, चौदा हजार किलोमीटर आणि एक जोडी बूट

गेल्या वर्षी मे महिन्यात घेतलेले मोटरसायकल चालवतानाचे हे बूट आता सुमारे १४,००० किलोमीटर वापरून झाले आहेत. त्यात पुण्याहून स्पिती खोऱ्यात जाऊन परत येण्याचा १९ दिवसांचा प्रवास आहे, पावसाळ्यातल्या ताम्हिणी आणि आंबोली घाटांच्या फेऱ्या आहेत, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस कार्यालयात जाण्यायेण्याचा रस्ताही आहे. गाडी रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन. बूट पोटरीच्या निम्म्याहून थोडे वर येतात, वरचे चामडे जाड व अखंड आहे, तीन बकले आणि वर एक रुंद व्हेल्क्रो पट्टी आहे, आतून पाणी अडवणारे मेंब्रेन, म्हणजे पातळ अस्तर, आहे, आणि जोडीचे वजन घरच्या काट्यावर २ किलो ३०० ग्रॅम भरले. किंमत २१,५०० रुपये पडली. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण एका जोडीच्या अनुभवावरून कंपनीबद्दल मत देणे मला योग्य वाटत नाही, आणि ज्याला लांबच्या प्रवासासाठी बूट घ्यायचे आहेत त्याने दुकानात उभे राहून नेमके काय पाहावे, हेच मला सांगायचे आहे.

त्याआधी तीन वर्षे मी ट्रेकिंगचे बूट घालून गाडी चालवत होतो. तिलारी घाटातून उतरताना एका वळणावर जांभ्याच्या लाल चिखलात मागचे चाक सरकले, वेग जेमतेम वीस किलोमीटर असेल, मी सवयीने डावा पाय टेकवला आणि गाडी त्याच पायावर कलंडली. हाड मोडले नाही, पण घोट्याचे लिगामेंट दुखावले आणि सहा आठवडे पट्टी बांधून बसावे लागले. ट्रेकिंगचा बूट चांगला होता. तो त्या कामासाठी नव्हता, इतकेच. डोंगर चढताना पाऊल वाकावे लागते, म्हणून त्या बुटाचा तळ वाकतो आणि घोट्याभोवतीचे कापड मऊ असते. गाडीवरून पडताना मात्र पायावर भार येतो तो बाजूने, पिळवटून, आणि बहुतेक वेळा पाऊल जमीन आणि गाडी यांच्यामध्ये अडकलेले असते.

म्हणून नवीन बूट पाहताना मी पहिली गोष्ट केली ती ही की, एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने चवड्याची बाजू धरून ओले फडके पिळावे तसा प्रत्येक बूट पिळून पाहिला. जो सहज पिळला गेला तो बाजूला ठेवला. त्यानंतर घोट्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा दाबून आत कडक वाटी आहे का, ते तपासले. काही बुटांना ती फक्त बाहेरच्या बाजूला असते, तर काहींना ती नसतेच आणि तिच्या जागी नुसता जाड फोम असतो. तळाच्या मधोमध, म्हणजे जो भाग फुटपेगवर, पाय ठेवायच्या दांडीवर, टेकतो तिथे, आत कडक पट्टी असणेही आवश्यक आहे. खराब रस्त्यावर तासन्‌तास उभे राहून गाडी चालवताना ती नसेल तर संध्याकाळी तळवा ठणकतो.

आपल्याकडे हेल्मेट घेताना आयएसआय खूण पाहण्याची सवय आता बऱ्यापैकी रुजली आहे, पण बुटाच्या आतली चिठ्ठी कोणी वाचत नाही. दुचाकीस्वारांच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे आणि त्याच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार चिठ्ठीवर दुचाकीस्वाराचे छोटे चित्र व चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासले जाण्यास असलेल्या प्रतिकाराचा, तिसरा आघाताने कापले जाण्यास असलेल्या प्रतिकाराचा, आणि चौथा बूट आडवा दाबला गेला तर तो किती तग धरतो याचा. माझ्या दृष्टीने हा चौथा आकडा सर्वांत मोलाचा आहे आणि तो २ असल्याशिवाय मी बूट घेणार नव्हतो. घोट्यावर बसणाऱ्या माराचे संरक्षण या चार आकड्यांत धरलेले नसते. ते तपासलेले असेल तर आयपीए ही अक्षरे वेगळी छापलेली असतात, नडगीसाठी आयपीएस आणि पाण्यासाठी डब्ल्यूआर. घोटा मुरगळण्याविषयी मात्र यांतला एकही आकडा काही सांगत नाही. त्यामुळे चिठ्ठी वाचल्यानंतरही बूट हाताने पिळून पाहावाच लागतो.

मापाबाबत मी दोनदा दुकानात गेलो आणि दुसऱ्यांदा मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभराने पाऊल थोडे सुजलेले असते आणि लांबच्या प्रवासात ते तसेच राहते. युरोपातल्या साच्यावर बनलेले बरेच बूट चवड्याशी अरुंद असतात. रुंद पंजाच्या माणसाने लांबी बरोबर बसली म्हणून समाधान मानू नये. करंगळी दाबली जात असेल तर बूट पुढे सैल होईल हे दुकानदाराचे म्हणणे चामड्याच्या वरच्या भागापुरतेच खरे असते, आतला कडक साचा सैल होत नाही. मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचे, घोट्याशी बिजागरी असलेले बूटही मी घालून पाहिले. संरक्षण पाहिले तर ते माझ्या बुटांपेक्षा निश्चितच सरस आहेत. पण स्पितीतल्या की मठाच्या पायऱ्या चढणे, काझाच्या बाजारात चालणे, ढाब्यावर मांडी घालून बसणे हेही त्याच पायांनी करायचे होते, म्हणून मधला मार्ग स्वीकारला.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी लक्षात आले की बुटाचे नाक गिअर लीव्हरखाली जात नाही. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून ती मुद्दाम लिहितो. जाड नाकाचा बूट घेतला की लीव्हर थोडा वर घ्यावा लागतो. मेकॅनिकने तो एकदा वर केला, मी पाच-सहा किलोमीटर चालवून परत आलो, आणि त्याने पुन्हा किंचित वर केला, तेव्हा जमले. मागच्या ब्रेकचे पेडलही थोडे खाली घेतले, नाहीतर जाड तळामुळे पाय नकळत पेडलवर टेकून राहत होता. पहिले ५०० किलोमीटर गिअर पडला की नाही हे पायाला कळत नाही, ते आवाजावरून ओळखावे लागते. म्हणून नवे बूट घालून थेट मोठ्या प्रवासाला निघू नये. निदान दोन आठवडे ते रोज वापरावेत.

उदयपूर ते जयपूर या टप्प्यात जूनच्या शेवटच्या आठवड्यातला उष्मा होता आणि तिथे या बुटांनी मला खरोखर त्रास दिला. मेंब्रेन घामाची वाफ बाहेर सोडते हे खरे, पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी असावी लागते. चाळिशीपलीकडच्या तापमानात, इंजिनाची ऊब नडगीला लागत असताना, पाय उकडून निघतो. दर तासाने थांबून बकले उघडणे आणि दुपारी मोजे बदलणे याखेरीज उपाय सापडला नाही. मोजे मात्र मेरिनो लोकरीचे असावेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि टाचेला फोड आणतो.

आणि मग तो नाला. आम्ही शिमल्याच्या बाजूने काझाला गेलो होतो आणि कुंझुम खिंड, म्हणजे सुमारे ४,५५० मीटर उंची, ओलांडून बातलमार्गे ग्रांफूकडे उतरत होतो. बर्फ वितळून येणारे हे नाले सकाळी पोटरीएवढे असतात आणि दुपारनंतर फुगतात. आम्हाला बातलमधून निघायला उशीर झाला. छोटा दराच्या पुढे एका नाल्यात पुढचे चाक फुटबॉलएवढ्या गोट्यावर चढून उजवीकडे घसरले आणि जवळजवळ २०० किलोची गाडी, वर सामानाच्या पेट्या, माझ्या उजव्या पायावर आली. पाऊल दोन दगडांच्या बेचक्यात होते आणि पेटीची कड घोट्याच्या अगदी वर टेकली होती. मला तो दाब स्पष्ट आठवतो. बूट दोन्ही बाजूंनी आवळला गेला, आतली वाटी हाडाला टेकली आणि तिथेच थांबली. मागून आलेल्या दोघांनी गाडी उचलेपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली असतील. पाय काढला, उभा राहिलो, आणि चालता आले. बाहेरच्या चामड्यावर बोटभर लांबीची खोल चीर आहे; घोट्यावर दुसऱ्या दिवशी निळसर डागाखेरीज काही नव्हते. तिलारीतल्या पडण्यापेक्षा हे पडणे कितीतरी जड होते.

पाणी मात्र आत शिरले, कारण ते वरून शिरले, आणि वरून शिरलेल्या पाण्याला मेंब्रेन बाहेर जाऊ देत नाही. बूट उलटा केला तेव्हा पेलाभर पाणी पडले. छत्रूला रात्री तंबूत पोहोचल्यावर जुना टी-शर्ट आत कोंबला, आतला सोल काढून वेगळा वाळत टाकला, आणि तंबूवाल्याने आग्रह केला तरी बूट बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, ठेवले नाहीत, कारण एकदम तापल्याने चामडे आक्रसते आणि तळाचा गोंद सुटतो. मनालीत रोज वर्तमानपत्र बदलून ते कोंबत राहिलो, तरी आतून पूर्ण कोरडे व्हायला तीन दिवस लागले.

बाकीच्या तक्रारी लवकर सांगतो. सुमारे ९,००० किलोमीटरनंतर डाव्या बुटात चवडा जिथे वाकतो तिथून झिरपू लागले. आंबोलीच्या पावसात तासाभरात मोजा ओला होतो. एका बकलाची पट्टी तुटली. ती स्क्रूने बसवलेली होती म्हणून बदलता आली, पण विक्रेत्याने सुटा भाग मिळवून द्यायला सात आठवडे लावले आणि तेवढे दिवस मी व्हेल्क्रोवर भागवले. बकले रिव्हेटने ठोकलेली असतील तर तो बूट घेऊच नये. ऑगस्टमध्ये आठ दिवस कपाटात बंद राहिल्यावर चामड्यावर बुरशीचा पांढरा थर आला. ओल्या कापडाने पुसून, सावलीत वाळवून मेणाचे कंडिशनर लावल्यावर गेला. शिवाय सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मालापासून सावध राहावे, कारण पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तरी आतून कुजतो आणि पुढे एखाद्या दिवशी भुगा होऊन सुटतो. बुटावरचा उत्पादनाचा महिना पाहूनच पैसे द्यावेत.

आता टाचेची बाहेरची कड झिजली आहे. कोथरूडमधल्या चांभारकाकांना दाखवले, तर त्यांनी तळ शिवलेला नसून चिकटवलेला आहे, नवा बसवता येईल पण पहिल्यासारखा टिकेल असे सांगत नाही, असे स्पष्ट सांगितले. पुढच्या उन्हाळ्यात झंस्कारला जायचे आहे. तोपर्यंत हेच बूट वापरीन, आणि त्या प्रवासासाठी नवीन जोडी घेईन तेव्हा हाच घोटा, हाच कडक तळ, पण मेंब्रेन नसलेला, लवकर वाळणारा बूट घेईन. पावसासाठी पाणी अडवणारे मोजे वेगळे ठेवीन.