कुपवाड एमआयडीसीतून: अल्ट्रासॉनिक जाडीमापक, तीन महिने वापरून

आमचं ओतकामाचं छोटं युनिट आहे. सोळा हजारांना हा गेज घेतला आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. व्हर्नियरवर २० मिमी भरणारं बीड हा २५.७ दाखवायला लागला! दुकानदाराशी फोनवर भांडलो, तेही उगाच. गेज धातूत आवाज सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून जाडी काढतो. तो पोलादातल्या आवाजाच्या ५९२० मीटर प्रतिसेकंद वेगावर बसवून येतो, आमच्या बिडात आवाज ४६००च्या आसपास धावतो.

मग उलटा वापर सुरू केला. जाडी व्हर्नियरने घ्यायची, गेजवर वेग जुळवायचा. वेग साडेपाच हजारांपुढे गेला तर बिडातलं ग्रॅफाइट (कार्बन) गोळ्यांसारखं जमलंय, खूप कमी आला तर पापुद्र्यांसारखं.

भाचा भौतिकशास्त्राचा. म्हणाला, "मामा, अणुभट्टीच्या इंधनाच्या गोळ्याही अशाच तपासता येतात." त्या गोळ्या युरेनियम डायऑक्साइडच्या; त्याची पूर्ण घनता १०.९६ ग्रॅम प्रति घनसेंमी, गोळीत बारीक छिद्रं जास्त राहिली की ध्वनी मंदावतो. घनता आणि उभ्या (कण लहरीच्या दिशेनेच हलतात) व आडव्या (कण लहरीला काटकोनात हलतात) अशा दोन्ही लहरींचे वेग मिळाले की गोळी न फोडता ताठरपणाही काढता येतो. आमच्या गेजला मात्र आडवी लहर जमत नाही.

खरबरीत ओतीव पृष्ठभागावर ग्राइंडर मारल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही. प्रोब (गेजचं धातूवर टेकवायचं टोक) आणि धातू यांच्यामध्ये लावायच्या जेलची बाटली महिन्यात संपली, आता ग्रीस लावतो. प्रोबची वायर दोनदा निसटली, म्हणून रेटिंगमधला एक स्टार कापला.