ईम्स लाउंज खुर्चीचा ऑटोमन: पायांपुरता, पण मापात चोख

अमेरिकेत, मिशिगनमध्ये राहायला आल्यावर ईम्स या डिझायनर दाम्पत्याची प्रसिद्ध लाउंज खुर्ची मला जुन्या सामानातून बऱ्यापैकी स्वस्तात मिळाली. मात्र तिच्या जोडीचा ऑटोमन, म्हणजे पाय टेकवण्याचे ठेंगणे आसन, आधीच्या मालकांच्या घरातून केव्हाच नाहीसा झाला होता. खुर्ची मिळाली हेच पुष्कळ, असे तेव्हा वाटले. पंधरवड्यात गुडघ्यांनी ते मत बदलायला लावले.

चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५६ साली हर्मन मिलर कंपनीसाठी ही जोडी बाजारात आणली, तेव्हा खुर्चीला ६७० आणि ऑटोमनला ६७१ असे क्रमांक देण्यात आले होते. हा दुसरा क्रमांक हौसेखातर दिलेला नाही. खुर्चीची बैठक कायमची मागे झुकलेली असून तो कल बदलता येत नाही. त्यामुळे शरीराचा भार पाठीवर जातो, गुडघे वर उचलले जातात आणि माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतू लागते. पाय समोर टेकले की हा ताण लगेच सैलावतो. आपल्याकडच्या जुन्या आरामखुर्चीचे लांब हात जे काम करीत, तेच काम येथे एका वेगळ्या वस्तूवर सोपवलेले आहे.

सुरुवातीला पैसे वाचवण्याच्या मोहाने मी एका विक्रेत्याकडून हुबेहूब दिसणारी नक्कल मागवली. अस्सल जोडीत खुर्चीची बैठक आणि ऑटोमन यांचे माप एकच असते, त्यामुळे त्यांच्या गाद्या परस्परांत बदलता येतात. हे ठाऊक असल्याने मी खुर्चीची गादी काढून नकलेवर बसवून पाहिली, तर दोन्ही बाजूंना बोटभर लाकूड उघडे राहिले. छायाचित्रात न दिसलेला हा फरक पायांना मात्र रोज जाणवला असता, कारण मधला खोलगटपणाही उथळ होता आणि टाचा घसरून कडेला येत. नक्कल परत पाठवण्याचा खर्च माझ्याच माथी आला, हे वेगळे सांगायला नको.

अखेर अस्सल ऑटोमन घेतला. वाकवलेल्या प्लायवुडच्या त्या एकाच कवचाच्या कडेवर थरांच्या बारीक रेघा स्वच्छ दिसतात. पूर्वी पाच थर असत, हल्ली सात असतात. पूर्वीचे ब्राझिलियन रोझवुड आता वापरले जात नाही, पण अक्रोडाचा रंग माझ्या जुन्या खुर्चीशेजारी फारसा खटकत नाही. खुर्चीला पाच पाय आणि याला चार, ही विसंगती मात्र एकदा लक्षात आली की प्रत्येक वेळी डोळ्यांत भरते.

किंमत भरमसाट आहे, आणि ज्यांना टेबलाशी ताठ बसून वाचायचे असते त्यांना या जोडीचा काडीचाही उपयोग नाही. खुर्ची आधीच घरात असेल, तर मात्र दुसऱ्या कुठल्या स्टुलावर पैसे घालवू नयेत. गाद्या अदलाबदलीच्या असल्याने बैठकीचे चामडे एकटेच झिजत नाही. आमच्याकडे ही अदलाबदल दिवाळीच्या साफसफाईला होते.