'१०० टक्के पेनलेस' टॅटू रिमूव्हल, माझे पंधरा हजार गेले

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे वाचाच, थोडं लांबलंय. माझ्या उजव्या दंडावर त्रिशूळ होता, जत्रेत गोंदवलेला, तेव्हा कुठं अक्कल होती. आर्मीत कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला टॅटू चालतो, दंडावर नाही, म्हणून काढायचं ठरवलं. पुण्यात एका ठिकाणी गेलो, सहा सिटिंगचे १२ हजार, सगळे आधी, आणि इम्पोर्टेड बधिर करायची क्रीम वेगळी, दर वेळी दीड हजार. पावती मागितली तर म्हणे पेमेंटचा स्क्रीनशॉट आहे की तुमच्याकडे. तिथंच उठायला पाहिजे होतं.

पहिल्या वेळी स्टीलच्या वाटीतून बोटभर क्रीम आणून फासली, दहा मिनिटांत पुसली अन् लेझर सुरू. आईशप्पथ, फोडणीतली मोहरी एकेक करून अंगावर उडावी तसं, वर केस जळल्याचा वास. ओरडलो तर म्हणे दादा तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे. डॉक्टर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दीड महिन्याने दुसरी सिटिंग, तेव्हा तर कहर. ट्यूब घरीच दिली, म्हणे अख्ख्या हाताला जाड थर लावून प्लास्टिक गुंडाळून या, जितका जास्त वेळ तितकं बरं. ट्यूबवर ना कंपनीचा पत्ता, ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी. मी शहाणा, दोन तास आधीच गुंडाळून एसटीत बसलो. स्वारगेट यायच्या आधीच ओठ बधिर, तोंडात लोखंडासारखी चव, डोकं गरगर. आई सोबत होती म्हणून, तिने भर गाडीत प्लास्टिक टराटरा फाडलं आणि पदराने सगळा हात पुसून काढला.

नंतर स्किनच्या डॉक्टर मॅडम झाप झाप झापल्या. औषध रक्तात उतरतं, फिट येऊ शकते, हृदय बंद पडू शकतं, अमेरिकेत दोन तरुण मुली अशाच क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळल्यामुळे गेल्या आणि तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २००७ मध्येच इशारा दिला होता म्हणे. त्यांच्याकडे २.५ टक्के लिडोकेन आणि २.५ टक्के प्रिलोकेनवाली बधिर करायची साधी क्रीम, तीही टॅटूपुरतीच, त्यांच्या समोर तासभर ठेवतात, मग पुसून लेझर, सोबत गार हवेचा पाइप. तरी चटके बसतातच, हे त्यांनी आधीच सांगितलं, आणि खरंच बसले, पण दात खाऊन सहन होण्याइतके.

राहिलेल्या सिटिंगचे पैसे मागितले तर रिफंड पॉलिसीत नाही म्हणे. कसली पॉलिसी, कागदच दिला नाही कधी. आता मेसेजला ब्लू टिक येते, उत्तर नाही, आणि स्टेटसला ऑफर चालूच आहे.